एकशेतीसचे बूट

सुप्रभा रामटेके कुठल्याही लेबलवर विश्वास ठेवत नाही. दुधाच्या बाटलीवर शुक्रवारपर्यंतची तारीख असली तर ती सोमवारी वास घेऊन बघते आणि मगच काय ते ठरवते. टीव्हीवर ऊन सांगितलं की छत्री घेऊन निघते. इंग्लंडात, ब्रॅकनेलच्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे इतरांनी खपून लिहिलेला प्रोग्रॅम कुठे मोडतो ते शोधायचा तिला पगार मिळतो. त्याआधी नागपूरला ती मेटलर्जी शिकली. तिथेही लोखंडाचे गज यंत्रात घालून ते कधी तुटतात हे बघण्यात तिची वर्षं गेली, आणि तो आपल्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा काळ होता असं ती आजही सांगते.

माझी तिची ओळख अशाच एका तपासणीतून झाली. मी नीना, मेडनहेडला राहते आणि आपल्या मंडळींच्या कार्यक्रमांना जेवण पुरवते. ईलिंगच्या एका हॉलमध्ये चौदा एप्रिलचा कार्यक्रम होता आणि मी दोनशे माणसांचा स्वयंपाक घेऊन गेले होते. भाषणं लांबत चालली होती. निळी साडी नेसलेली एक बाई सारखी मागे यायची, माझ्या पातेल्यांची झाकणं उचलायची आणि निघून जायची. शेवटी मी म्हटलं, बाई, भूक लागली असेल तर सरळ वाढून देते. ती म्हणाली, भूक नाही, स्टीलच्या पातेल्यातला भात आधी गार होतो की ॲल्युमिनियमच्या, ते बघतेय. मी म्हटलं, तुम्ही सारखं झाकण उचलताय म्हणून दोन्हीकडचा गार होतोय. त्यावर ती इतकी मोकळेपणानं हसली की माझा राग टिकला नाही, आणि माझा राग सहसा चांगला टिकतो.

तिच्या घरी ती आणि चैत्राली, एकुलती एक मुलगी. नवरा मोहन कामापायी बहुतेक वेळ बेल्जियमला असतो. चैत्राली इथेच वाढलेली, हातापायानं लांब, बोलायला कमी.

ब्रॅकनेलला एक टेकाड आहे. त्याच्या उतारावर बर्फ नाही. प्लास्टिकच्या ब्रशांचे दात वर करून विणलेली जाळी अंथरली आहे आणि तिच्यावर पाण्याचे फवारे सोडलेले असतात. या देशात बर्फ धड पडत नाही, पण स्कीइंगची हौस दांडगी, म्हणून ही सोय. पडलं की कोपरं सोलून निघतात. चैत्राली नऊ वर्षांची असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला तिथे गेली आणि घरी यायलाच तयार होईना. चौदाव्या वर्षी ती क्लबच्या रेसिंग ग्रुपमध्ये होती. उतारावर खांब रोवलेले असतात, पोरं त्यांना गेट म्हणतात, ते एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वळसा घालत खाली यायचं आणि खाली घड्याळ लावलेलं असतं, एवढाच तो खेळ.

सुप्रभानं स्वतः कधी पायात स्की बांधली नाही. ती कुंपणाशी उभी राहायची आणि कॉलिन नावाच्या त्यांच्या कोचला प्रश्न विचारून हैराण करायची. कॉलिन बिचारा सभ्य माणूस, सगळ्याची उत्तरं द्यायचा. त्यातून तिला कळलं, आणि तिच्याकडून मला नको असताना कळलं, की या खेळातली खरी गोम पायाखालच्या पट्ट्यांत नसून बुटात असते. बूट म्हणजे जाड प्लास्टिकचं कवच, आत गादी, वर चार बकलं. पुढे वाकून नडगी, पोरांच्या भाषेत शिन, बुटाच्या पुढच्या बाजूवर दाबली की वजन स्कीच्या टोकावर जातं, टोक उतारात रुततं आणि स्की म्हणाल तिकडे वळते. बूट मऊ असला तर हा दाब वाटेतच विरतो. फार कडक असला तर पाय वाकतच नाही, माणूस मागे रेलतो, आणि एकदा मागे रेललं की स्की त्याला घेऊन पळत सुटते. हा कडकपणा बुटावर आकड्यात छापलेला असतो. सत्तर, नव्वद, एकशेदहा, एकशेतीस. त्याला फ्लेक्स म्हणतात.

आणि इथे, लेबलवर विश्वास न ठेवणाऱ्या सुप्रभाची चूक झाली. ही चूक आपल्याच लोकांच्या हातून होऊ शकते. तिचे वडील नागपूरला अजनीच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते. इंदोऱ्यातल्या दोन खोल्यांत त्यांनी सहा पोरं शिकवली, आणि त्या घरात आकडा म्हणजे मार्क. सत्तर मिळाले तर वडील गप्प जेवायचे, नव्वद मिळाले तर उरलेले दहा कुठे गेले असं विचारायचे. अशा घरातल्या बाईसमोर जून महिन्यात क्लबच्या जुन्या सामानाच्या विक्रीत बुटांचे दोन जोड आले, एकावर नव्वद आणि दुसऱ्यावर एकशेतीस. ती कुठला उचलणार हे सांगायला ज्योतिषी नको.

कॉलिननं सांगून बघितलं की या वयाच्या मुलीला नव्वद पुष्कळ झाला. एकशेतीसचे ते लाल बूट एका थोराड पुरुष रेसरचे होते. पण चैत्रालीचे पाय बापासारखे लांब, बूट तिला नेमके बसले. ते घालून ती पुढे वाकली तर बूट छान वाकले. दुपार रणरणत होती, ऊन अंगाला चटके देत होतं. कॉलिननंही बुटावर हात दाबून बघितला आणि म्हणाला, वाकवतेय खरी. त्या उन्हाळ्यात पोरीनं प्लास्टिकवर अशी काही धमाल उडवली की क्लबच्या पोरी तिच्या बुटांकडे बघायला लागल्या. मग शाळेचा अभ्यास वाढला आणि हिवाळ्यात तिचा सराव बंद पडला.

फेब्रुवारीत क्लब स्कॉटलंडला खऱ्या बर्फावरच्या रेसला गेला. मोहन नव्हता आणि एवढी लांब गाडी एकट्यानं चालवणं सुप्रभाला जड गेलं असतं, म्हणून मी गेले. मला थंडी अजिबात सोसत नाही, हे मी वाटेत तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं डॅशबोर्डवरचं बाहेरचं तापमान कसं उतरतंय ते मला वाचून दाखवलं.

त्या डोंगरावर वारा असा होता की डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आत गोठावं. चैत्राली बर्फावर नवखी नव्हती. शाळेच्या सहलीत ती फ्रान्सला जाऊन आली होती, भाड्याचे बूट घालून दिवसभर हुंदडली होती. पण त्या दिवशी ती वरून आली ती खुर्चीत बसल्यासारखी, ढुंगण मागे, हात हवेत. चौथा खांब तिच्यापासून कितीतरी लांब राहिला आणि ती आडवी झाली. दुसऱ्या दिवशी आणखी वाईट. पहिल्या खांबापासूनच ती ब्रेक मारत उतरली, आणि खाली आल्यावर आमच्याकडे न बघता सरळ गाडीकडे गेली.

कॉलिन खिशात हात घालून आमच्याजवळ आला. त्याचं बोलणं नेहमीसारखंच मऊ होतं. काही मुलं प्लास्टिकवर फार सुंदर करतात आणि बर्फावर जरा बिचकतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मार्चअखेरीस अजून एक रेस आहे, तिची इच्छा असली तर तिनं जरूर यावं. पण त्यानंतर कदाचित रविवारच्या ग्रुपमध्ये तिला जास्त मजा येईल. रविवारचा ग्रुप म्हणजे हौशी लोकांचा, घड्याळाशिवायचा.

सुप्रभा भडकली की नागपुरी बोलीवर येते. "भेकड म्हणतो माझ्या पोरीले," ती पार्किंगमध्ये म्हणाली. मी म्हटलं, तो असं काहीच म्हणाला नाही. ती म्हणाली, इंग्रज लोक असंच म्हणतात.

भीती हा शब्द त्यांच्या घरात चालत नाही. वडिलांनी पोरांना शाळेत धाडताना, मुलाखतीला धाडताना, परदेशी धाडताना एकच सांगितलं होतं, घाबरायचं नाही. कारणंही तशीच होती. त्या वस्तीतून निघून पुढे जाताना घाबरलेलं दिसणं परवडत नव्हतं. सुप्रभानं हे वाक्य नागपूरहून ब्रॅकनेलला आणलं आणि चैत्रालीला अंगडं-टोपडं घालावं तसं लहानपणापासून घातलं. त्यामुळे त्या दिवशी तिला खरी कळ कुठे लागली ते मला समजत होतं.

गाडीशी दुसरंच संकट. चैत्रालीच्या पायातले बूट निघेनात. बकलं उघडली, मी टाच धरली, सुप्रभानं कवच दोन्ही बाजूंना फाकवायचा प्रयत्न केला, आणि पोरगी कळवळून ओरडली. तशीच बुटांसकट तिला मागच्या सीटवर आडवी घातली आणि आम्ही आमच्या बेड-अँड-ब्रेकफास्टला आलो. तिथे ती रेडिएटरला पाय लावून बसली. चहा होईपर्यंत बूट आपसूक सैल झाले आणि मुकाट निघाले. सुप्रभानं एक बूट हातात घेतला, तो उघडला, मिटला, परत उघडला.

"मघाशी हा दगड होता," ती म्हणाली.

चैत्रालीला त्यात रस नव्हता. परतीच्या वाटेवर तिनं एकदाच तोंड उघडलं. "मला रेसिंग नको आता. कॉलिन बरोबर आहे. मी नर्व्हस होते, दॅट्स इट." सुप्रभानं आरशातून मागे बघितलं आणि म्हणाली की आपल्या घरात कुणी नर्व्हस होत नाही, काहीतरी दुसरं आहे, ते मी शोधून काढते. पोरीनं कानात गाणी घातली.

दोन दिवसांनी मला सुप्रभाचा फोन आला. माझ्या गॅरेजमधला आडवा फ्रीझर रिकामा आहे का? मी म्हटलं, त्यात मंडळाच्या कार्यक्रमाची पुरणाची पोळी आहे, खवलेला नारळ आहे, मटार आहेत. काय ठेवायचंय? ती म्हणाली, बूट.

मी सोवळं-ओवळं पाळणारी नाही. पण चपला दाराबाहेर काढणाऱ्यांतली आहे, आणि ज्या फ्रीझरमधलं अन्न मी दोनशे लोकांच्या पानात वाढते त्यात बूट? मी साफ नाही म्हटलं. ती म्हणाली, तिचा फ्रीझर वीतभर, त्यात एक बूटसुद्धा मावत नाही. ती बूट धुईल, तीन पिशव्यांत घालेल. मी तरी नाही म्हटलं. मग ती म्हणाली, "नीना, ती सोडतेय गं सगळं. स्वतःला भित्री समजून सोडतेय." मी नारळ एका कोपऱ्यात सारला.

शुक्रवारी संध्याकाळी ती एक बूट फ्रीझरमध्ये ठेवून गेली आणि शनिवारी सकाळी सगळा संसार घेऊन आली. सुतारकामाचं घडीचं टेबल, जुन्या स्टुलाचा एक पाय, टॉवेल, आणि विमानाच्या बॅगा उचलून तोलायचा हुकाचा वजनकाटा, जो आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी असतो. टॉवेल गुंडाळलेला स्टुलाचा पाय तिनं माणसाच्या पायाऐवजी बुटात घातला, बकलं आवळली, बूट टेबलाच्या जबड्यात पक्का केला आणि वरच्या टोकाला काटा अडकवून पुढे ओढला. ठरावीक अंतर वाकवायला किती ओढ लागते ते काट्यावर दिसत होतं. एक बूट रेडिएटरशी शेकलेला, मग तोच गॅरेजच्या गारठ्यात ठेवलेला, आणि दुसरा रात्रभर माझ्या पुरणपोळ्यांशेजारी झोपलेला.

शेकलेला बूट बऱ्यापैकी सहज वाकला. गारठ्यातल्याला चांगलंच बळ लागलं. फ्रीझरमधला काढला तेव्हा त्यावर पांढरी भुकटी साचली होती. सुप्रभानं ओढलं, मग मीही मागून तिची कंबर धरून ओढलं. काटा फिरत फिरत शेवटच्या आकड्याला जाऊन टेकला, आणि बूट ठरवलेल्या अंतराच्या निम्माही आला नव्हता.

सुप्रभाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. ती मला भराभरा सांगायला लागली. बुटावरचा आकडा कारखान्यातल्या उबदार खोलीतला. प्लास्टिक थंडीत आखडतं, काही जातीचं फार, काही जातीचं कमी. जूनच्या उन्हात हा बूट नव्वदसारखा वागत होता, म्हणून पोरगी वाकत होती आणि कॉलिनही फसला. डोंगरावर तोच बूट एकशेतीसच्याही पलीकडे गेला. आकडा एक, बूट तीन. मग तिला माझे डबे दिसले आणि कुठल्या डब्याची झाकणं फ्रीझरमध्ये तडकतात ते तिनं विचारलं. तासभर आम्ही झाकणं वाकवत बसलो. माझी निळी झाकणं का फुटतात आणि दुधी रंगाची का नाही हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, आणि कबूल करते, मलाही मजा येत होती.

मग तिनं चैत्रालीला हाक मारली. पोरगी माझ्या बैठकीत टीव्हीसमोर होती. ती दारात येऊन उभी राहिली. सुप्रभानं तिला सगळं परत करून दाखवलं, काटा, बूट, टॉवेल. आणि म्हणाली, बघ, तुझी काही चूक नाही, तू घाबरली वगैरे काही नव्हतीस.

चैत्रालीनं आधी बुटाकडे, मग झाकणांच्या ढिगाकडे बघितलं. मग म्हणाली, "आई, तू बूटला सगळं विचारलं. झाकणला पण विचारलं. मला कुठे विचारलं?"

सुप्रभानं काटा खाली ठेवला. मी चहा टाकायच्या निमित्तानं निघणार होते, पण गॅरेजचं दार पोरीनं अडवलं होतं. शेवटी सुप्रभानं खाली फ्रीझरच्या कडेला टेकत विचारलं, काय झालं होतं ते सांग.

"पहिले दोन गेट ओके होते," चैत्राली म्हणाली. "थर्डला मी शिन दाबला, एव्हरी टाइम दाबते तसा. काहीच झालं नाही. भिंत होता समोर. मग मी मागे गेली आणि स्की पळाली. तेव्हा मला भीती वाटली. त्याच्या आधी नाही वाटली."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी वर जाताना लिफ्टवरच वाटली. आता तू बूट सॉफ्ट करशील. पण ती भीती बूटमध्ये नाही ना आता."

मला त्या पोरीची अशी दया आली की मी तिला जवळ घ्यायला गेले, पण ती माझ्या बाजूनं आत आली आणि तिनं फ्रीझरमधला बूट बोटानं टोकरला. मग तिनं विचारलं की माझ्यासाठी बरोबर किती? जूनमध्ये तो किती होता?

तो प्रश्न ऐकला आणि मला कळलं की ही तिच्या आईचीच मुलगी आहे. स्टुलाचा पाय बाजूला पडला. आता चैत्राली स्वतः बुटात पाय घालून बसली आणि सांगायला लागली, हा फार मऊ, हा जरा जास्त कडक, हा, हा असा होता जूनमध्ये. सुप्रभा केस वाळवायच्या यंत्रानं बूट तापवत होती, मधूनच गारठ्यात ठेवत होती, काटा लावत होती, आणि आपलं म्हणणं मध्ये न घालता पोरीचं ऐकत होती. दुपारी दोघींनी माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच वरणभात खाल्ला. रेसला जाणार का, हे मात्र कुणी विचारलं नाही आणि चैत्रालीनंही सांगितलं नाही.

पुढचे काही शनिवार रीडिंगजवळच्या एका स्कीच्या दुकानात गेले. तिथे बूट पायाला बसवून देणारा एक डेरेक नावाचा माणूस होता. त्यानं आधी सुचवलं ते सोपंच होतं, हे विका आणि नव्वदचे घ्या. त्यावर चैत्रालीनं असा चेहरा केला जणू तिला वरच्या वर्गातून खाली बसवलं. आकड्याची ही बाधा आईकडून मुलीकडे कधी गेली देव जाणे. सुप्रभानं माझ्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

तेव्हा डेरेकनं टाचेच्या वरचे दोन स्क्रू काढले. ते काढले की बुटाची मागची बाजू जरा मोकळी होते. आम्ही बूट घरी आणले, फ्रीझरमध्ये घातले, ओढले. सुधारणा होती, पण पुरेशी नाही. पुढच्या वेळी त्यानं सांगितलं की आता कवच कापावं लागेल, घोट्याच्या पुढे व्हीच्या आकाराची खाच. मात्र एकदा कापलं की परत जोडता येत नाही. जास्त कापलं गेलं तर बूट कायमचा लुळा. सुप्रभानं त्याला सांगितलं, थोडंसंच काप, आम्ही घरी जाऊन गोठवून बघतो. डेरेकला आजवर असं गिऱ्हाईक भेटलं नसावं. दुसऱ्यांदा आम्ही गेलो तेव्हा तो हसला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं खुर्ची ओढली आणि माझ्या फ्रीझरमध्ये किती तापमान असतं ते सुप्रभाला विचारलं. प्रत्येक वेळी कापायची खूण चैत्रालीनं स्वतः स्केचपेननं केली. शेवटी फ्रीझरमधून काढलेल्या बुटात पाय घालून ती पुढे वाकली, पुन्हा वाकली आणि म्हणाली, जूनसारखा आहे. बाजूला एकशेतीस मात्र अजून ठळक छापलेलं होतं.

त्या वेळेपर्यंत माझ्या पुरणपोळ्या संपल्या होत्या आणि मार्च संपत आला होता. निघायच्या आदल्या दिवशी चैत्रालीनं स्वतःच बॅग भरली. सुप्रभानं मला फोन करून हे सांगितलं, पण आवाजात आनंद काही उमटला नाही. तिला आता वेगळीच काळजी होती. तिकडे हवा गरम झाली तर? मग बूट फार मऊ पडतील. मी म्हटलं, अगं, मार्चातल्या स्कॉटलंडमध्ये गरम होण्याची काळजी करणारी तू जगात एकटी असशील.

हवा गरम वगैरे काही झाली नाही. सकाळी गाडीच्या काचा आतून गोठल्या होत्या. कॉलिननं खाली बसून ते कापलेले बूट नीट बघितले, खाचेतून बोट फिरवलं आणि सुप्रभानं सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. मग सरळ म्हणाला की हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं, त्यानं तिला त्या बुटांत फक्त उन्हाळ्यातच बघितलं होतं. सुप्रभानं लगेच सांगितलं की नव्वद घ्या असं तो म्हणाला होता आणि ऐकलं तिनं नव्हतं. दोघांनी असा दोष एकमेकांकडून ओढून घेतला, आणि चैत्राली तोवर डोंगरावर ओढून नेणाऱ्या लिफ्टकडे निघून गेलीसुद्धा.

या रेसमध्ये दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत ती वरून येताना दिसली तेव्हा सुप्रभानं माझा दंड धरला. तिची बोटं माझ्या जाड कोटातून रुतली. तिसरा खांब आला. चैत्राली पुढे वाकली आणि बूट वाकला, ते खालूनही कळलं, कारण स्कीचं टोक बर्फात रुतलं आणि ती वळली. चौथा, पाचवा. वेग मात्र नव्हता. प्रत्येक खांबाआधी ती जरा हात आखडून घेत होती. एकही खांब न चुकवता ती खाली आली, आणि फलकावर तिचं नाव खालच्या निम्म्यात लागलं. कॉलिननं लांबून अंगठा दाखवला. पहिली फेरी धड झाली, रविवारच्या ग्रुपची गोष्ट आता निघणार नाही, असं मला वाटलं. दुसऱ्या फेरीला गेलं नाही तरी चालतं. पुष्कळ पोरं अशी थंडीत काढता पाय घेतात.

चैत्राली आमच्याजवळ आली. चष्मा कपाळावर, ओठ निळे. मी थर्मासमधला चहा दिला. सुप्रभानं बुटाकडे बघितलं, त्याबद्दल काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली,

"भीती वाटली?"

मी इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हा प्रश्न ऐकला नव्हता. चैत्रालीनंही ऐकला नसावा, कारण ती कप धरून आईकडे बघतच राहिली.

"हो," ती म्हणाली. "वर खूप वाटली. आता पण वाटतेय. बूट वाकतो, तरी वाटते."

आता ते 'घाबरायचं नाही' येणार, अजनीच्या शेडपासून चालत आलेलं, असं मला वाटलं. ते सुप्रभाच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. पण तिनं ते गिळलं.

"मग?" तिनं विचारलं.

"मग काय, आई. सेकंड रन आहे ना." चैत्रालीनं कप माझ्या हातात दिला, हातमोजे चढवले आणि ती लिफ्टच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या पुढे पाचसहा जण होते. तिचा नंबर आला, दांडीनं तिला ओढून घेतलं आणि ती वर वर जात ढगात शिरली.

सुप्रभा तिकडेच बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"मीपण घाबरायची गं," ती म्हणाली. "शाळेत, कॉलेजात, इथे आले तेव्हा. दर वेळी. बाबांना कधी सांगितलंच नाही."